खिळे जुळवणाऱ्या हातातलं शिसं डोक्यापर्यंत जातं का?

अक्षरओळ | १८ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार. तीन-चार वर्षं इथे नुसती वाचत होते, लिहितेय आज पहिल्यांदाच.

माझे बाबा ७३ वर्षांचे आहेत. वयाच्या सतराव्या वर्षी ते सोलापुरात पूर्व भागातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवायला लागले. छापखाना ऑफसेटवर, म्हणजे बिनखिळ्यांच्या छपाईवर, गेला तोवर म्हणजे २६ वर्षं तेच काम. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात खणांवर. काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, असे शेकडो खण, आणि बाबा तिकडे न बघता खिळा उचलायचे. मी लहानपणी डबा घेऊन जायचे. बाबा हात धोतराला पुसायचे आणि भाकरी मोडायचे. बोटांची टोकं करडी असायची, नखांच्या कडेला चकाकी. साबण लावून ती जात नसे. आई म्हणायची, ही तर आमच्या घरची मेंदी.

गेल्या दीड-दोन वर्षांत बाबा बदललेत. जेवले की नाही ते विसरतात. कधी आवाज न चढवणारा माणूस आता चमचा पडला तरी चिडतो. गेल्या महिन्यात नव्या पेठेतून घरी येताना बाळीवेशीत उभेच राहिले, पुढे कुठे वळायचं ते कळेना. ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. भाऊ म्हणतो, वय झालं, सगळ्यांचं होतं. मला ते पटत नाही. खिळ्यांत निम्म्याहून बरंच जास्त शिसंच असतं ना? काम सुटून तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांनी त्याचा संबंध असू शकतो का? तपासणी करून काही हाती लागतं का? कोणाच्या घरी असं झालंय का?

एक गोष्ट मात्र गंमत वाटावी अशी आहे. खिळ्यांचं काम बंद होताना बाबांनी दोनेक किलो खिळे आठवण म्हणून डालडाच्या डब्यात घरी आणले होते. हल्ली रोज दुपारी ते आणि माझी सव्वातीन वर्षांची मुलगी तो डबा काढून जमिनीवर ओळी मांडतात. दिवसभरात बाबा शांत असतात ते तेवढाच वेळ. खिळ्यावरचं उलटं अक्षर ते अजूनही सरळ वाचावं तसं वाचतात. कालची भाजी मात्र आठवत नाही.

शेंगाचटणी | १८ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, तुमचं वाचून गलबललं. माझे चुलते पण कंपोझिटर होते, ते ८८ पर्यंत ठणठणीत होते, मालिकेतली सगळी नाती तोंडपाठ. त्यामुळे शिशानेच झालं असं लगेच धरून बसू नका. पण डॉक्टरला दाखवा, भावाचं ऐकत बसू नका.

मज्जारज्जू | १८ जानेवारी, रात्री ११.२२

अक्षरओळताई, मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. माहेर सोलापूरचं, नोकरी बाहेर. बाबांबद्दल सविस्तर उद्या लिहिते. त्याआधी एकच, आणि ते आज रात्रीच करा. तो डबा उचला. झाकण लावून पिशवीत बांधा आणि मुलीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. जिथे ओळी मांडतात ती फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, झाडूने धूळ उडते. मुलीचे हात साबणाने धुवा, नखं कापा. येत्या आठवड्यात तिच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करा. बाबांच्या आधी तिची.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि तिचा मेंदू अजून घडतोय.

अक्षरओळ | १८ जानेवारी, रात्री ११.३१

अहो, ती खिळे तोंडात घालते. बाबा ओरडतात, पण घालते. आत्ताच उठून डबा माळ्यावर टाकला. झोप उडाली माझी.

कडकभाकरी | १९ जानेवारी, सकाळी ७.१०

डॉक्टरांना दंडवत. ताई, धीर धरा.

मज्जारज्जू | १९ जानेवारी, दुपारी २.१५

आता बाबांबद्दल.

शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांत फरक कळत नाही. जिथे कॅल्शियम जातं तिथे शिसं जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होतं, पण हाडांत गेलेलं शिसं तिथे वीस-तीस वर्षं राहतं. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या एकूण शिशापैकी ९० टक्क्यांहून जास्त हाडांतच असतं. उतारवयात हाडं झिजायला लागली की ते थोडं थोडं परत रक्तात येतं. म्हणजे काम १९९६ ला सुटलं म्हणून शिसं १९९६ ला सुटत नाही.

मेंदूत काय होतं? दोन पेशी एकमेकींशी बोलतात त्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो. शिसं तिथे मध्ये घुसतं. शिकणं, लक्षात ठेवणं ज्या यंत्रणेवर चालतं तीच मंदावते. अमेरिकेत शिशाच्या संयुगांचं काम केलेल्या कामगारांना काम सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी तपासलं गेलं. ज्यांच्या नडगीच्या हाडात शिसं जास्त होतं, त्यांची स्मरणशक्ती आणि हाताची चपळाई पुढच्या वर्षांत जास्त उतरत गेली. तेव्हा तुमची शंका रास्त आहे.

पण तुमच्या बाबांच्या बाबतीत हे शिशामुळेच झालं असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. या वयात विसराळूपणाची कारणं बरीच असतात आणि त्यातली काही बरी होणारी असतात. म्हणून आधी बी-१२, थायरॉईड, साखर, सोडियम, ऐकू कमी येतंय का, मन खचलंय का हे बघा. मेंदूचा एमआरआय करा. शिसंही तपासा. पण आज रक्तात आकडा कमी आला म्हणजे कधीच शिसं नव्हतं असा अर्थ काढू नका. रक्त फक्त गेल्या एक-दोन महिन्यांची गोष्ट सांगतं.

आणि 'शरीरातले धातू बाहेर काढतो' म्हणून सलाईन लावणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्याने बाबांच्या हाडांतलं जुनं शिसं निघून स्मरणशक्ती परत येत नाही, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

जकातनाका | १९ जानेवारी, दुपारी ३.४०

म्हणजे आपल्या पिढीचं काय? आम्ही सात रस्त्याला रिक्षांच्या धुरात वाढलो. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालापर्यंत मिळत होतं. जगातला शेवटचा देश अल्जेरिया, तिथे २०२१ मध्ये बंद झालं. १९९० ला शाळेत असलेल्या सगळ्यांच्या हाडांत ते असणार.

मज्जारज्जू | १९ जानेवारी, संध्या. ६.०२

@जकातनाका, हो, थोडं सगळ्यांच्याच हाडांत आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यातलं शिसं मोजलं. ही मुलं आजारी नव्हती, रोज शाळेत येणारी साधी मुलं होती. ज्यांच्या दातात शिसं जास्त, त्यांची बुद्ध्यंक चाचणी कमी. आणि शिक्षकांनी कागद न बघता सांगितलेलं वर्णन तेच, लक्ष लागत नाही, सांगितलेलं पूर्ण करत नाही. तोवर डॉक्टरांना वाटायचं, झटके आले, पोटात कळा आल्या तरच शिशाची बाधा. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचं सुरक्षित असं प्रमाणच माहीत नाही.

एमआयडीसीवाला | १९ जानेवारी, रात्री ९.२५

माझं वेगळंच सांगतो. मी बॅटरीवाल्याचा पोरगा. लोडशेडिंगच्या काळात सोलापुरात घरोघरी इन्व्हर्टर आले, तेव्हा पप्पांचा धंदा लई जोरात होता. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, ॲसिड गटारीत, प्लेटा वेगळ्या, शिसं कढईत वितळवायचं आणि वर आलेली राख पळीनं काढून कोपऱ्यात टाकायची. तिथंच आम्ही अभ्यास करत बसायचो. सगळं घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

पप्पांच्या पोटात कळा यायच्या. तीन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, एकदा तर अपेंडिक्सचं ऑपरेशन व्हायचं राहिलं. मग उजवा हात मनगटातून लोंबायला लागला, कप धरता येईना. एका वयस्कर डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. त्यांनी विचारलं, काम काय करता? तीन वर्षांत हे विचारणारे ते पहिलेच. रक्तात शिसं ७० च्या वर निघालं. तेव्हा उपचार झाले, हात बराचसा आला.

पण पप्पांचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही. हिशेब चुकायला लागले. आधी चारशे गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ होती. आणि माझा धाकटा भाऊ, जो त्या शेडमध्ये रांगला, तो दहावीला तीनदा बसला. आम्ही त्याला 'ढ' म्हणत मोठा केला. मारलं पण. आता हे वाचून हात थरथरालाय माझा.

पंढरीचीवाट | १९ जानेवारी, रात्री ९.५८

@एमआयडीसीवाला, तुम्हालाही माहीत नव्हतं, पप्पांनाही नव्हतं. भावाला हे सांगा. त्याला कळू दे की ते त्याच्या आळसाचं नव्हतं.

मज्जारज्जू | २० जानेवारी, सकाळी ८.३०

एमआयडीसीवाले, पंढरीचीवाट म्हणतात तेच मी म्हणते. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या वस्तीत लोक बॅटऱ्यांचं शिसं मिसळलेली माती चाळून विकायचे. २००७-०८ च्या काही महिन्यांत तिथे १८ मुलं दगावली आणि कारण कळायला वेळ लागला. शेडची जागा अजून असेल तर तिथली माती मुलांना खेळायला देऊ नका. शिसं कुजत नाही. फरशी घाला किंवा सिमेंट करून घ्या.

एमआयडीसीवाला | २० जानेवारी, सकाळी ९.१२

शेड पाडली. पण तिथं आता लिंबाचं झाड आहे आणि पुतणे तिथंच खेळतात. या रविवारी काँक्रीट टाकतो. भावाला सांगितलं. बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला, गणित समोर दिसायचं पण धरता यायचं नाही.

तलावकाठ | २० जानेवारी, दुपारी १२.४५

माझी शंका भांड्यांची. आमच्या घरी अजून पितळेचे डबे-पातेली आहेत, दर वर्षी कल्हईवाला येतो. चिंचेची आमटी त्यातच. चालतं का?

कडकभाकरी | २० जानेवारी, दुपारी १.२०

कल्हईचं मी सांगतो, घरात पिढीजात धंदा होता. खरी कल्हई म्हणजे कथील. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर निघाला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने फिरवत आरसा आणायचा. कथील महाग, म्हणून काही जण त्यात शिसं मिसळतात. शिसं मिसळलेली कल्हई आधी छान दिसते, पण काही दिवसांत काळपट पडते आणि बोट घासलं की बोटाला करडं लागतं. आजोबा कथलाचा तुकडा कानाजवळ धरून वाकवायचे. शुद्ध कथील वाकताना 'कर्र' करतं. शिसं जास्त असलेला गप्प वाकतो. म्हणून कल्हईवाल्याकडून तुकडा मागा आणि वाकवून बघा. आणि कल्हई उडाली की त्या पातेल्यात आंबट नको.

पुण्यातलासोलापूरकर | २० जानेवारी, दुपारी १.५५

कल्हईवरून आठवलं. हे मेंदूचं नाही, यकृताचं आहे, पण आपल्याकडचं आहे म्हणून सांगतो. तान्ह्या बाळांना यकृताचा जीवघेणा आजार व्हायचा. पुण्यातल्या डॉक्टर आनंद पंडित आणि शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर १९८३ मध्ये मांडलं की कल्हई नसलेल्या पितळ-तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेल्या दुधातून तांबं बाळाच्या पोटात जातं. लोकांनी भांडी बदलली आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या आत्याचं एक मूल त्याच काळात यकृताने गेलं. कारण कधी कळलं नाही.

साखरपेठ | २० जानेवारी, दुपारी ३.१०

तांब्यावरून एक सांगते, आणि हे मेंदूचंच आहे. आमच्याकडे मामा-भाचीची लग्नं होतात, माझ्या मावशीचंही तसंच. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा असताना बोलणं जड झालं, अक्षर बिघडलं, शाळेत मारामाऱ्या करायला लागला. घरच्यांनी देवऋषी केला, वर्षभर मनोविकाराची औषधं झाली. शेवटी एका डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यात दिवा मारून बघितला. बुबुळाभोवती सोनेरी तपकिरी कडं. विल्सन आजार. अन्नातलं जास्तीचं तांबं यकृताला बाहेर टाकता येत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. हा जन्माचा दोष आहे, भांड्यांचा नाही. गोळ्या सुरू झाल्या, वर्ष-दीड वर्षात तो सायकल चालवायला लागला. आता चादरींच्या दुकानात हिशेब बघतो.

कुणाच्या घरी तरुण पोरगं असं अचानक बदललं तर नुसतं 'वळण बिघडलं' म्हणून सोडू नका.

मज्जारज्जू | २० जानेवारी, संध्या. ५.४०

साखरपेठ, तुमचं हे पोस्ट जपून ठेवलं पाहिजे. १९१२ मध्ये डॉ. विल्सन यांनी वर्णन केलेला हा आजार आहे आणि मेंदूच्या आजारांत वेळेत कळला तर इतका छान सुधारणारा दुसरा क्वचितच. एका भावंडाला निघाला तर बाकीच्या भावंडांचीही तपासणी करा, त्रास नसला तरी.

जकातनाका | २० जानेवारी, संध्या. ६.१५

अवांतर: ॲल्युमिनियमच्या कढयांनी अल्झायमर होतो म्हणून बायकोने सगळ्या कढया भंगारात दिल्या. खरं आहे का?

मज्जारज्जू | २० जानेवारी, रात्री ८.०५

तसं सिद्ध झालेलं नाही. ही भीती कुठून आली ते सांगते. १९७० च्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांना एक विचित्र आजार व्हायचा. बोलणं अडखळायचं, झटके यायचे, स्मृती जायची. डायलिसिसच्या पाण्यातलं आणि त्यांना दिल्या जाणाऱ्या औषधांतलं ॲल्युमिनियम थेट रक्तात जात होतं, आणि मूत्रपिंड बंद असल्यामुळे बाहेर टाकलं जात नव्हतं. पाणी शुद्ध केल्यावर ते थांबलं. धडधाकट माणसाच्या आतड्यातून ॲल्युमिनियम फारच थोडं शोषलं जातं.

मात्र भंगारातून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिसं असू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं उतरतं म्हणून ग्राहकांना सावध केलं. म्हणजे तुमच्या पत्नीने कढया टाकल्या ते चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण मात्र वेगळं.

वैद्य_होटगीरोड | २१ जानेवारी, सकाळी १०.३०

धातूंचा विषय निघालाच आहे तर आमच्या शास्त्राबद्दल बोलतो. रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात, कथलाला वंग. नागभस्म, पारद (पारा) हे आमच्या ग्रंथांत आहेत हे मी लपवत नाही. त्यांचं शोधन-मारण (शुद्ध करणं आणि भस्म करणं), मात्रा आणि काळ यांचे नियम कडक आहेत. पण आज कुठून तरी पुडीत बांधून आणलेली, नाव-गाव नसलेली काळी-लाल पावडर लोक 'देशी आहे, अपाय नाही' म्हणून वर्षानुवर्षं घेतात. सांध्यांसाठी, मधुमेहासाठी. हे थांबलं पाहिजे. मी स्वतः बारा वर्षांखालील मुलांना आणि गर्भिणींना धातूचं कोणतंही भस्म देत नाही.

पुण्यातलासोलापूरकर | २१ जानेवारी, सकाळी ११.१२

वैद्यबुवांचा आदर आहे, पण मी यापुढे जाईन. २००८ मध्ये अमेरिकेत एक तपासणी झाली. इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक औषधं घेतली, भारतात बनलेली आणि तिकडे बनलेलीही. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शोधन झालं की नाही हे रुग्णाला कसं कळणार? माझ्या सासूबाईंना गुडघ्याच्या पुडीने पोटदुखी आणि रक्तक्षय झाला होता. शिसंच निघालं.

वैद्य_होटगीरोड | २१ जानेवारी, दुपारी १.००

तुमचा मुद्दा रास्त आहे. प्रत्येक घाण्याचा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या औषधाचा, धातू-तपासणीचा अहवाल मागायला रुग्णांनी शिकावं. मी माझ्याकडच्यांना तो दाखवतो. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पंढरीचीवाट | २१ जानेवारी, दुपारी ४.२०

आमच्याकडे पंढरपुरात कुंकू-बुक्क्याची दुकानं ओळीने. लोक कुंकू आणि शेंदूर एकच समजतात म्हणून लिहितो. हळदीला चुना-टाकणखार लागला की ती लाल होते, ते खरं कुंकू. मारुतीला तेलात कालवून लावतात तो शेंदूर पारंपरिक असेल तर शिशाचीच लालसर नारिंगी भुकटी. हातावर चिमूटभर घेतली तरी जड लागते. आमच्या आजीने पोरांना सांगून ठेवलं होतं, मारुतीचा शेंदूर कपाळाला, बोट तोंडाला नाही. आजीला शिसं माहीत नव्हतं. पण सांगितलं बरोबर.

आता तर मी म्हणतो, बाळाच्या कपाळालाही नको. देवाला चालेल, तो समजून घेईल.

शेंगाचटणी | २१ जानेवारी, दुपारी ४.४५

पंढरीचीवाट, शेवटची ओळ आईला वाचून दाखवली. तिला पटली, हे या घरात पहिल्यांदा झालं. हळदीचं पण असंच काही ऐकलं होतं ना?

मज्जारज्जू | २१ जानेवारी, रात्री ९.१०

हो. हळकुंडाला चकचकीत पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोळलेला सापडलाय. बांगलादेशात २०१९ मध्ये हे उघड झालं. तिथल्या गर्भवती बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत संशोधक हळदीपर्यंत पोचले. नंतर पाटण्याच्या काही नमुन्यांतही फार मोठं प्रमाण सापडलं. आपल्याला सांगली जवळ आहे. हळकुंड पॉलिश न केलेलं, मळकट दिसणारं घ्या आणि दळून आणा.

एमआयडीसीवाला | २२ जानेवारी, रात्री ८.५०

वेल्डिंगचं कुणी सांगेल का? आमच्या युनिटात पंचवीस वर्षं बंद शेडमध्ये वेल्डिंग करणारे एक काका आहेत. चेहरा मुखवट्यासारखा झालाय, हसले तरी कळत नाही. कोपर वाकवून चवड्यांवर चालतात. मागं पाऊल टाकायला सांगितलं की पडतात.

मज्जारज्जू | २२ जानेवारी, रात्री १०.२०

वर्णन वाचून मन चरकलं. हे मँगनीजमुळे असू शकतं. वेल्डिंगच्या रॉडमध्ये आणि पोलादात मँगनीज असतं, धुरातून ते फुप्फुसात आणि तिथून मेंदूत खोलवरच्या गाभ्यात साठतं. १८३७ मध्ये ग्लासगोचे जॉन कूपर यांनी मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. दिसायला पार्किन्सनसारखं, पण पार्किन्सनच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. चवड्यांवरची चाल आणि मागे चालता न येणं ही त्याची खूण. एमआरआयमध्ये तो गाभा पांढरा चमकतो. काकांना लवकर मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि तिथे 'पंचवीस वर्षं वेल्डिंग' हे आपणहून सांगा. शेडमध्ये धूर ओढणारा पंखा थेट ठिणगीपाशी हवा, भिंतीवर लावलेला पुरत नाही.

अक्षरओळ | २ फेब्रुवारी, रात्री १०.१५

सगळ्यांची उत्तरं वाचली, लिहायला उशीर झाला.

मुलीच्या रक्तात शिसं ११ आलं. डॉक्टर म्हणाले, ५ च्या वर गेलं की कुठून येतंय ते शोधायचं, आणि आपलं कारण तर माळ्यावर बसलंय. इतक्या आकड्याला औषध लागत नाही, कारण काढून टाकणं हेच औषध. तिचं लोहही कमी निघालं. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं म्हणे. लोहाचं औषध सुरू केलंय. बाजरी, राजगिरा, मेथी, वर लिंबू पिळून देते.

बाबांचं बी-१२ फारच कमी निघालं, ९०. आम्ही शाकाहारी, आणि बाबा दूधही घेत नाहीत. इंजेक्शनं सुरू आहेत. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे थोडे बदल. शिसं ७. डॉक्टरांनी मज्जारज्जूताईंसारखंच सांगितलं, तीस वर्षांनी ७ म्हणजे हाडं अजून देत असतील, शिवाय डब्यातले खिळे रोज हातात होतेच.

डबा गेल्यापासून बाबा बेचैन आहेत. दुपारी माळ्याखाली उभे राहतात. मी सांगते, बाबा, तिला बाधतंय. ते मान हलवतात आणि अर्ध्या तासाने परत विचारतात. काल म्हणाले, "माझ्यामुळे झालं ना तिला?" मग तेही विसरले. मी विसरले नाही.

कडकभाकरी | २ फेब्रुवारी, रात्री १०.५०

ताई, त्यांच्यामुळे नाही झालं. छापखान्याने २६ वर्षांत एकदा तरी सांगितलं असतं की जेवणाआधी साबणाने हात धुवा, कपडे इथेच बदलून जा. गोष्ट एवढीच होती.

तलावकाठ | ३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

आमच्या मामांच्या छापखान्यातली पोस्टरची लाकडी अक्षरं पडून आहेत, तळहाताएवढी. त्यात शिसं नाही. देऊ का बाबांना?

मज्जारज्जू | ३ फेब्रुवारी, सकाळी ११.०५

@तलावकाठ, कल्पना सुरेख आहे, पण जुनी नकोत. पूर्वीच्या पिवळ्या-नारिंगी शाईतही शिसं असायचं आणि लाकूड ती पिऊन बसतं. एकदा हात पोळल्यावर परत तेच नको. सुताराकडून नवीन कापून घ्या, रंग-पॉलिश न लावता.

अक्षरओळ | २० एप्रिल, रात्री ९.००

ज्यांनी खरडीत, म्हणजे निरोप टाकून, विचारलं त्यांच्यासाठी. मुलगी ११ वरून ६ वर आली, दोन महिन्यांनी परत बघायचं. बी-१२ ने बाबांची चिडचिड बरीच कमी झाली, जेवल्याचं बहुतेक वेळा आठवतं. रस्ता अजून चुकतात. डॉक्टर म्हणाले, जेवढं परत यायचं तेवढं या वर्षात येईल, उरलेलं सांभाळायचं. एमआयडीसीवाले, तुमच्या वेल्डिंगवाल्या काकांचं काय झालं ते कळवा.

बाळीवेशीतल्या सुताराकडून सागाची अक्षरं कापून आणली, पूर्ण बाराखडी, एकेक काडेपेटीएवढं. मोठ्या हौसेने बाबांपुढे ठेवली. बाबांनी एक 'क' उचलला, अंगठ्याने कड चाचपली, उजेडाकडे धरला आणि परत पिशवीत टाकला. म्हणाले, "सुताराला सांग, उलटी कापून आण. सरळ अक्षर छापणार कसं?"

आज उलटी आणली.